थराखालचा थर: म्हैसूर ते औली

म्हैसूरच्या चामुंडी टेकडीच्या पायऱ्यांवर पहाटे दोन प्रकारचे लोक चढत असतात. काही जण देवीच्या दर्शनाला निघालेले, पायरीपायरीला हळदकुंकू लावत सावकाश जाणारे. बाकीचे पाठीवर भरलेली सॅक घेऊन, घड्याळाकडे नजर ठेवून हजारावर पायऱ्या एका दमात संपवू पाहणारे. या दुसऱ्या मंडळींत हिवाळी ट्रेकची तयारी करणारेही असतात. कुणाला उत्तराखंडातला केदारकंठा गाठायचा असतो, कुणाला तिथलाच कुआरी पास. म्हैसूर शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ७७० मीटरवर, टेकडीचा माथा १,०६० मीटरच्या आसपास. ऐन हिवाळ्यातही पहाटेचा पारा सहसा पंधरा अंशांच्या फार खाली उतरत नाही. पायांना इथे चांगला व्यायाम होतो. बर्फ वाचायची सवय मात्र या पायऱ्यांवर लागत नाही.

तरीही उताराविषयीचा पहिला धडा म्हैसूरकरांना याच टेकडीने दिलेला आहे. दोड्ड देवराज वडेयर यांच्या काळात, म्हणजे सतराव्या शतकात, एकाच खडकातून कोरलेला नंदी वाटेत भेटतो. टेकडीचा गाभा ग्रॅनाइटचा, सुमारे ऐंशी कोटी वर्षांपूर्वीचा. तो कुठे जात नाही. पण ऑक्टोबर २०२१ मध्ये, दसरा आटोपल्यावर पडलेल्या जोराच्या पावसात, नंदीकडे जाणाऱ्या रस्त्याची कड खचली. पुढच्या काही आठवड्यांत तिथला भाग पुन्हा पुन्हा ढासळत राहिला आणि तो रस्ता वाहनांसाठी बंद करावा लागला. खडक होता तिथेच राहिला. त्याच्यावर बसलेला माती-मुरुमाचा थर पाण्याने जड झाला, आतून सैल झाला आणि खाली आला.

माळीण आणि इर्शाळवाडीच्या दरडी पाहिलेल्या मराठी माणसाला हे समजावून सांगायला नको. ३० जुलै २०१४ च्या सकाळी आंबेगाव तालुक्यात आणि १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूरच्या डोंगरात जे घडले, त्याची मांडणी अशीच होती: पक्का खडक, वर माती, तिच्यात मुरलेले पाणी आणि थोड्या वेळात वाढलेले वजन. हिमालयात मातीच्या जागी बर्फ असते आणि पावसाच्या जागी हिमवादळ. प्रश्न तेच राहतात. वरचा थर कशावर बसला आहे? त्याच्यावर किती ओझे आले? आणि ते किती वेगाने आले?

हे प्रश्न म्हैसूरपासून दूरचे वाटतात, पण तसे ते नाहीत. शहरातल्या सिद्धार्थनगरात संरक्षण खात्याची अन्न संशोधन प्रयोगशाळा १९६१ पासून आहे. अतिउंचीवर भूक मरते, अन्न गोठते, शिजवायला इंधन आणि वेळ लागतो. तिथल्या जवानांसाठी टिकाऊ, पटकन गरम करून खाता येणारे जेवण या प्रयोगशाळेत घडवले जाते. म्हणजे म्हैसूरचे अन्न बर्फात कित्येक वर्षे जाते आहे. म्हैसूरची माणसेही जातात.

शहरातून नैर्ऋत्येला निघालेला रस्ता पन्नासेक किलोमीटरवर एच. डी. कोटेला पोचतो. कबिनी धरणाचा, हत्तींचा, सागाच्या जंगलाचा हा तालुका. पर्यटक इथे जीप सफारीसाठी येतात. शिपाई महेश पी. एन. याच तालुक्यातले. ३ फेब्रुवारी २०१६ रोजी सियाचीनच्या सोनम चौकीवर, सुमारे १९,६०० फुटांवर, बर्फाची प्रचंड भिंत कोसळली आणि १९ मद्रास पलटणीच्या चौकीवरचे दहा जण तिच्याखाली गेले. महेश त्यांतले एक. सुभेदार नागेश हासन जिल्ह्यातले, लान्सनायक हणमंतप्पा कोप्पद धारवाड जिल्ह्यातल्या बेटदूरचे. त्यांच्याबरोबर नर्सिंग असिस्टंट म्हणून होते सुनील सूर्यवंशी, साताऱ्याच्या माण तालुक्यातल्या मस्करवाडीचे. माण म्हणजे पावसाची वाट पाहणारा दुष्काळी मुलूख, एच. डी. कोटे म्हणजे जंगल आणि धरणाचे पाणी. दोन्हीकडे हिमवर्षाव कुणी पाहिलेला नसतो. दोन्ही तालुक्यांचे तरुण एकाच बर्फाखाली सापडले.

शोध थांबवला गेला नाही. बर्फ कापणारी यंत्रे, जमिनीखालचे शोधणारे रडार आणि डॉट व मिशा ही कुत्री यांच्या मदतीने सैनिक खोदत राहिले. ८ फेब्रुवारीच्या रात्री हणमंतप्पा जिवंत सापडले, सहाव्या दिवशी, पंचवीसहून अधिक फूट बर्फाखाली. ११ फेब्रुवारीला दिल्लीच्या लष्करी रुग्णालयात त्यांनी प्राण सोडला. बाकीचे नऊ जण आधीच गेले होते. १९८४ पासून सियाचीनवर शत्रूच्या गोळीपेक्षा हवामान आणि भूभागाने अधिक माणसे नेली आहेत, सीमेपलीकडेही तेच. ७ एप्रिल २०१२ ला गयारी इथल्या पाकिस्तानी तळावर कडा कोसळून १४० जण गाडले गेले.

जवानाला चौकी निवडता येत नाही. ट्रेकरला वाट निवडता येते, दिवस निवडता येतो, परतही फिरता येते. त्यामुळे सुट्टी काढून बर्फात जाणाऱ्या माणसाने उतार वाचायला शिकणे हे त्याचे कर्तव्य आहे, हौस नव्हे.

एच. डी. कोटेहून पुढे हाच रस्ता बावलीमार्गे वायनाडमध्ये उतरतो. ३० जुलै २०२४ च्या मध्यरात्रीनंतर मुंडक्कै आणि चूरलमला ही गावे दरडीने वाहून नेली. कल्पेट्ट्याच्या ह्यूम सेंटरने वायनाडभर पर्जन्यमापके बसवली आहेत. साठत चाललेल्या पावसाचे आकडे पाहून त्यांनी आदल्या दिवशी सकाळीच प्रशासनाला सावध केले होते. त्यामागची पद्धत साधी आहे: ठरावीक काळात ठरावीक मिलिमीटरच्या पुढे पाऊस गेला की तो डोंगर धोक्यात. हिमवादळातही बर्फ मोजणारा माणूस हेच करतो. फक्त त्याला आणखी एक गोष्ट पाहावी लागते. पाऊस मातीत मुरतो. बर्फ मात्र एकावर एक थर होऊन बसते आणि प्रत्येक थराला आपला स्वभाव असतो.

कुआरी पासच्या ट्रेकमध्ये भेटणाऱ्या औलीचा रस्ता ऋषिकेशहून सुरू होतो. देवप्रयाग, रुद्रप्रयाग, कर्णप्रयाग, नंदप्रयाग असे संगम मागे टाकत, अडीचशेच्या आसपास किलोमीटर जाऊन जोशीमठ येते. हल्ली त्याचे अधिकृत नाव ज्योतिर्मठ. जानेवारी २०२३ मध्ये इथल्या शेकडो घरांना भेगा पडल्या, लोकांना घरे सोडावी लागली. गाव जुन्या दरडीच्या राडारोड्यावर वसले आहे, हे १९७६ सालच्या मिश्रा समितीनेच नोंदवले होते. औलीला नेणारा रोपवे २०२३ च्या त्या भेगांनंतर बंद झाला आणि प्रवासी गाडीरस्त्याने वर जाऊ लागले. थरांचा विचार करायला भाग पाडणारे असे गाव ट्रेकच्या पायथ्याशीच असावे, हा योगायोग लक्षात ठेवण्याजोगा आहे.

औलीच्या वर गोरसोन बुग्याल, म्हणजे उंचावरचे कुरण. आकाश मोकळे असेल तर ७,८१६ मीटरची नंदादेवी, द्रोणागिरी, हाथी-घोडा पर्वत अशी सगळी रांग समोर उभी राहते. हाडे गोठवणारी थंडी, चकाकणारे बर्फ, निळेशार आकाश. दक्षिणेतून आलेला माणूस या दिवसाला ‘उत्तम हवामान’ म्हणतो आणि फोटो काढतो. धोक्याची बीजे पडतात ती मात्र बऱ्याचदा अशाच दिवसांत.

नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये पहिले बर्फ पडते, वीत-दीड वीत. मग दोन-तीन आठवडे आकाश स्वच्छ राहते. जमीन त्या बर्फाला खालून शून्य अंशाच्या आसपास ठेवते. वरचा पृष्ठभाग रात्री उणे पंधरा-वीसपर्यंत जातो. पातळ थरात इतका फरक मावला की खालच्या कणांतून वाफ वर सरकू लागते आणि कण नव्याने घडतात: मोठे, कोनदार, एकमेकांना न चिकटणारे. दहा सेंटिमीटरमागे एका अंशाहून अधिक फरक असला की ही घडण सुरू होते. मुठीत घेतले तर गोळा होत नाही, बोटांतून सांडते. जाणकार त्याला साखरी बर्फ म्हणतात. त्याच थंड, निरभ्र रात्री पृष्ठभागावर गोठलेल्या दवाची पिसे उगवतात. सकाळच्या उन्हात ती फार सुंदर दिसतात. मग पुढचे बर्फ त्यांच्यावर पडते आणि ती नजरेआड जातात. एवढ्याने ती नाहीशी होत नाहीत. कित्येक आठवडे तशीच गाडलेली राहू शकतात.

मग पश्चिमी विक्षोभ येतो. भूमध्य समुद्राच्या बाजूने निघालेली ही हवामानप्रणाली डिसेंबर ते मार्च हिमालयाला पुन्हा पुन्हा धडकते. एका रात्रीत चाळीस सेंटिमीटर ताजे बर्फ पडले असे धरू. घनमीटरला शंभर किलो घनता धरली तर एका चौरस मीटरवर चाळीस किलो वजन आले. पन्नास मीटर रुंद आणि शंभर मीटर लांब अशा एका लहानशा उतारावर हे ओझे दोनशे टन होते. वाऱ्याने दाबून त्याचा सलग पापुद्रा केला, तर हा सगळा भार साखरेच्या दाण्यांवर ठेवलेल्या शहाबादी फरशीसारखा उभा राहतो. सपाटीवर ती फरशी हलणार नाही. ओट्याला उतार दिला तर कुणीतरी कडेवर पाय ठेवायचा अवकाश. हिमस्खलनात सापडलेल्या ट्रेकर आणि स्कीपटूंच्या नोंदी पाहिल्या तर दहापैकी नऊ वेळा तो पाय त्याच माणसाचा किंवा त्याच्या सोबत्याचा होता, असे दिसते.

म्हणून उताराचा कोन आधी पाहायचा. अशी सरकणारी स्खलने बहुतेक करून तीस ते पंचेचाळीस अंशांच्या उतारावर सुटतात. अडतीसच्या आसपास सर्वाधिक. त्याहून उभ्या कड्यावर बर्फ साठतच नाही, पडता पडता झडते. सह्याद्रीत किंवा कुद्रेमुखच्या बाजूला चढलेल्यांची नजर इथे हमखास फसते. हरिश्चंद्रगडाची नळीची वाट चढलेल्याला पस्तीस अंशांचा पांढरा, गुळगुळीत उतार सौम्यच वाटणार. त्यामुळे डोळ्यांवर भरवसा नको. मोबाइलमधला कोनमापक काठीवर ठेवून ती काठी उतरणीच्या दिशेने उतारावर टेकवली की आकडा मिळतो. आपण उभे आहोत ती जागा सपाट आहे, एवढ्याने समाधान मानायचे नाही. डोक्यावरचा उतार किती, आणि तो सुटला तर त्याची धाव कुठवर, हे पाहिल्याशिवाय तंबूची जागाही ठरत नाही.

आणखी दोन सवयी सह्याद्रीत कमावलेल्या आणि हिमवादळात घातक. पहिली आडोशाची. पावसाळी ट्रेकला वाऱ्याच्या आडच्या बाजूला थांबणे शहाणपणाचे. हिमालयात वारा धारेच्या एका बाजूचे बर्फ उचलतो आणि दुसऱ्या, आडोशाच्या बाजूला नेऊन टाकतो. नुसत्या हिमवर्षावाच्या कितीतरी पट वेगाने तिथला थर वाढतो. आकाशातून कण पडत नसला तरी वारा सुटला असेल तर तो उतार भरतच असतो. दुसरी सवय घळीची. सह्याद्रीत नाळ ही वर जायची वाट असते. हिवाळी हिमालयात घळ म्हणजे वरच्या सगळ्या बर्फाचे गटार. तिथे लहानसे स्खलनही माणसाला खोल पुरते. सुरक्षित वाट बहुधा सोंडेवरून, दाट जंगलातून किंवा धारेच्या वाऱ्याने झाडलेल्या बाजूने जाते.

वादळ चालू असताना कुआरी पासच्या वाटेवरच्या खुल्लाऱ्यासारख्या, जंगलाच्या कडेच्या तळावर बसलेल्या तुकडीला काय करता येते? बरेच काही. तंबूपासून थोडे दूर एक सपाट फळी ठेवायची आणि तिच्यावर पट्टी उभी करायची. दर दोन-तीन तासांनी साठलेले बर्फ मोजायचे, नोंदायचे, फळी झाडून पुन्हा ठेवायची. तासाला अडीच सेंटिमीटरचा वेग किंवा चोवीस तासांत तीस सेंटिमीटरची भर, हे आकडे जगभरच्या हिमतज्ज्ञांना सावध करतात. सोबत वाऱ्याची दिशा आणि तापमान. सुरुवातीला थंड, भुसभुशीत बर्फ पडले आणि मग हवा गरम होऊन जड, ओलसर बर्फ आले, तर हलक्यावर जड अशी उलटी रचना होते; ती फार काळ टिकत नाही. या नोंदीला वही, पेन्सिल आणि चिकाटी एवढेच लागते.

मग कान आणि डोळे. समोरच्या उतारावरून नुकतेच काही सुटलेले दिसले, तर त्याच दिशेच्या, त्याच उंचीच्या सगळ्या उतारांविषयी उत्तर मिळाले. पाऊल टाकताच आजूबाजूचे बर्फ ‘हुम्फ’ असा घुमणारा आवाज करून खचले, तर खालचा कमकुवत थर पायाखाली मोडला आहे. बुटाच्या टोकापासून चीर धावत सुटली, तर वरचा थर ताणलेला आहे. या तीनपैकी एकही खूण दिसली तर पुढच्या चाचण्यांची गरज उरत नाही. परतायचे.

खुणा नसल्या तर खड्डा खणायचा. ज्या उतारावरून जायचे, त्याच दिशेला तोंड असलेली, साधारण त्याच उंचीवरची, पण निसटली तरी धोका होणार नाही अशी लहान जागा त्यासाठी शोधायची. दीडेक मीटर खोल भिंत फावड्याने तासली की सगळा हिवाळा एकावर एक मांडलेला दिसतो. हाताने दाबत वरून खाली यायचे. मूठ सहज आत गेली तर थर अगदी मऊ. मग चार बोटे, एक बोट, पेन्सिल आणि शेवटी चाकूच जाईल असा कठीण. कठीण थराखाली मूठ आत जाणारा थर लागला, की तिथे थांबून नीट पाहायचे.

त्यानंतर तीस बाय तीस सेंटिमीटरचा खांब कापून मोकळा करायचा, त्यावर फावड्याचे पाते ठेवायचे आणि थापा मारायच्या: मनगटातून दहा, कोपरातून दहा, खांद्यातून दहा. कितव्या थापेला आणि कोणत्या खोलीवर खांब निसटतो, ते लिहायचे. निसटलेला तुकडा झटकन, सपाट पृष्ठभागावरून पुढे आला तर ती वाईट बातमी. सिमेनहॉइस आणि बर्कलंड या अभ्यासकांनी २००६ च्या सुमारास हीच चाचणी नव्वद सेंटिमीटर रुंद खांबावर नेली. एका टोकाला थापा मारायच्या आणि सुटलेली चीर दुसऱ्या टोकापर्यंत धावते का ते बघायचे. थर मोडतो का, याहून मोडलेपण पसरते का, हा प्रश्न मोलाचा. पसरत नसेल तर उतार सुटत नाही.

पण एका खड्ड्यावर जीव टांगू नये. वीस मीटर पलीकडे खडक वर आलेला असेल, तिथे बर्फ पातळ असेल, तर थरांची गोष्ट वेगळी असते. खड्ड्यातले वाईट उत्तर खरे मानायचे. चांगले उत्तर म्हणजे परवानगी नव्हे. ८ फेब्रुवारी २०१० रोजी गुलमर्गजवळ खिलनमर्गला सराव करणाऱ्या सैनिकांवर हिमस्खलन आले आणि १७ जण गेले. ते हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूलचे होते, जिथे बर्फात लढायला आणि जगायला शिकवतात. ४ ऑक्टोबर २०२२ रोजी उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेची तुकडी द्रौपदी का डांडा-२ शिखराच्या वाटेवर सापडली. सत्तावीस मृतदेह मिळाले, दोघे सापडले नाहीत. त्या वसंतात एव्हरेस्ट आणि मकालू चढून आलेल्या प्रशिक्षक सविता कंसवाल त्यात गेल्या. कर्नाटकातले प्रशिक्षणार्थीही गेले. अनुभवी माणसे सोबत असूनही हे घडते. म्हणून अनुभवी नेता बरोबर आहे, एवढ्यावर म्हैसूरच्या किंवा पुण्याच्या नवख्याने स्वतःची चौकशी थांबवू नये.

देशात या विषयाचा अभ्यास जुना आहे. १९६९ मध्ये मनालीला हिम व हिमस्खलन अध्ययन संस्था सुरू झाली. २०२० मध्ये ती संरक्षण भू-माहिती संशोधन संस्थेत विलीन झाली, जिचे मुख्यालय चंडीगडला आहे. या शास्त्रज्ञांनी हिमालयाचे बर्फ तीन पट्ट्यांत विभागले. पीर पंजालसारख्या खालच्या पट्ट्यात हवा तुलनेने उबदार, बर्फ भरपूर; स्खलने बहुधा वादळात किंवा वादळापाठोपाठ. काराकोरमच्या बाजूच्या वरच्या पट्ट्यात बर्फ कमी, थंडी भयंकर, आणि तळाशी साखरी थर सगळा हिवाळा टिकून. मधला पट्टा दोहोंच्या अधेमधे. चंडीगडहून जिल्हावार इशारे निघतात. युरोपात १९९३ पासून धोक्याची पाच पायऱ्यांची सामायिक मोजपट्टी चालते, आणि तिथला अनुभव असा की बरेच मृत्यू तिसऱ्या, मधल्या पायरीवर होतात. चौथी-पाचवी ऐकून लोक घरी बसतात. तिसरी ऐकून ‘बघू या’ म्हणतात.

इशारा निघणे आणि माणूस उताराखालून हलणे, यांत केवढे अंतर असते ते जोशीमठच्याच वरच्या अंगाला, माणा गावाजवळ दिसले. फेब्रुवारी २०२५ च्या अखेरीस पश्चिमी विक्षोभाने उत्तराखंडात जोरदार हिमवर्षाव झाला. २७ फेब्रुवारीच्या संध्याकाळी चंडीगडच्या संस्थेने चमोलीसह पाच जिल्ह्यांत २,४०० मीटरच्या वरच्या भागांसाठी चोवीस तासांचा इशारा दिला. माणा ३,२०० मीटरच्या आसपास. तिथे सीमा सडक संघटनेच्या रस्त्याच्या कामावरचे ५४ मजूर छावणीत झोपले होते, बरेचसे लोखंडी कंटेनरांत. २८ च्या पहाटे डोंगर सुटला. सैन्य, भारत-तिबेट सीमा पोलीस आणि आपत्ती दलाने वादळातच शोध सुरू केला. सेहेचाळीस जण वाचले, आठ गेले. कंटेनरांच्या भिंतींनी आत हवा राहिली, म्हणून अनेकांना वेळ मिळाला. हे मजूर बिहार, उत्तर प्रदेश, हिमाचल अशा राज्यांतून आलेले. त्यांच्या झोपायच्या जागेवरचा उतार किती अंशांचा आहे, हे मोजून त्यांना सांगणे ही त्यांना कामावर आणणाऱ्या व्यवस्थेची जबाबदारी होती, आणि पुढच्या प्रत्येक हिवाळ्यात राहील.

ट्रेकरच्या सॅकमध्ये मात्र कंटेनर नसतो. बीकन, प्रोब आणि फावडे या तीन वस्तू असाव्या लागतात, प्रत्येकाकडे. बीकन ४५७ किलोहर्ट्झवर संदेश पाठवतो. सोबती आपला बीकन शोधावर ठेवून गाडलेल्याच्या जवळ पोचतात, प्रोब खुपसून नेमकी जागा ठरवतात आणि खणतात. हे सगळे मिनिटांत व्हावे लागते. युरोपातल्या जुन्या नोंदींप्रमाणे पंधरा मिनिटांत बाहेर काढलेल्या दहापैकी नऊ जण जगतात. पस्तीस मिनिटांनंतर जेमतेम तीन. त्यामुळे हेलिकॉप्टरची वाट पाहण्यात अर्थ नसतो. वाचवणारे ते, जे शेजारी उभे आहेत. थांबलेले स्खलन सिमेंटसारखे घट्ट होते, ते हाताने खणले जात नाही. तरीही आपल्याकडच्या हिवाळी ट्रेकच्या सामानयादीत लोकरी टोपी, मायक्रोस्पाइक, गेटर सगळे सापडते आणि बीकन क्वचित. नाव नोंदवताना हा प्रश्न विचारायला हवा, आणि उत्तर ‘आमच्या वाटेवर धोका नाही’ असे आले तर कोन, उंची आणि दिशा विचारायला हवी.

खरे दडपण मात्र बर्फाचे नसते, परतीच्या तिकिटाचे असते. म्हैसूरहून निघालेल्याला बंगळुरू किंवा दिल्ली, तिथून डेहराडून किंवा ऋषिकेश, पुढे दिवसभराचा घाटरस्ता. सुट्टी मोजकी, परतीचे आरक्षण पक्के. वादळ नेमके माथ्याच्या आदल्या रात्री येते आणि सकाळी आकाश लख्ख उघडते. त्या सकाळी निघावेसे वाटते. वादळानंतरचे पहिले चोवीस ते अठ्ठेचाळीस तास सर्वाधिक धोक्याचे, आणि खाली साखरी थर असेल तर त्याहून जास्त दिवस. यावर इलाज घरूनच करून निघावा लागतो: कार्यक्रमात दोन दिवस रिकामे ठेवायचे आणि ते माथ्याच्या बाजूला ठेवायचे, मसुरी-हरिद्वारच्या बाजूला नव्हे. दोन दिवसांनीही नवे बर्फ बसलेले नसेल, वारा धारेवरून पांढरी धूळ उडवत असेल, तर कुआरी पास त्या वर्षी राहतो. मग तालीच्या तळाकडून गोरसोनला जाणारी, उभ्या डोंगरबगलेला आडवी जाणारी वाट सोडायची आणि ज्या जंगलातून वर आलो त्याच जंगलातून, सोंडेवरून ढाक गावाच्या रस्त्याला उतरायचे. मोकळी पट्टी ओलांडायची वेळ आलीच तर एकेकाने, बाकीच्यांनी झाडीत थांबून जाणाऱ्यावर नजर ठेवून, आणि सॅकचे छातीवरचे-कमरेचे पट्टे सोडून.